पुलाच्या कठड्यावरचे धागे

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कारखान्याचा भोंगा वाजायचा सातला, आणि कारखाना आमच्या खोल्यांपासून चालत पाव तासावर होता. मग मधल्या वेळात ही बाई जाते कुठे? हा प्रश्न मला पडायच्या आधी आमच्या हिला पडला होता.

"वाजली कडी," ही अंथरुणातूनच म्हणायची. "निघाली बघा स्वारी."

"फिरायला जात असेल."

"दिवसभर उभी राहून आलेली बाई पहाटे पाय मोकळे करायला जाते? तुम्ही जाता का कधी?"

मी जात नव्हतो. मुद्दा बरोबर होता.

आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही पातळ. पलीकडे ती आणि तिची आई. कारखाना सूत रंगवायचा. मी हौदावर. उकळत्या रंगात लोंबणाऱ्या सुताच्या लड्या दांड्यानं फिरवायच्या, रंग चढला की उचलायच्या. ओली लडी कोरडीच्या कितीतरी पट जड असते. जन्मभर तेच केलं. मी काम घामावर मोजतो, दुसरं माप मला येत नाही.

ती रंगखोलीत होती. दर मोसमाला गिऱ्हाइकांना नवे रंग लागतात. ते ठरवायचे, छोट्या भांड्यात मिसळायचे, नमुन्याची लडी रंगवायची, मालकांनी मान हलवली की प्रमाण आमच्याकडे हौदावर यायचं. हे तिचं काम. त्यात घाम कुठे येतो ते मला कधी दिसलं नाही. मला दिसायचं ते हे, की बाई भांड्यासमोर ढवळणी हातात धरून उभी आहे आणि बघते आहे. बोलतानाही समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे टक लावायची. म्हणून तिला सगळे टकमक म्हणत. तोंडावर टकमकताई, पाठीमागे नुसतंच टकमक. तिनं कधी राग धरला नाही. धरला असेल तर दाखवला नाही. ती फारसं काही दाखवायचीच नाही, आणि असं माणूस मला आवडत नाही.

तिची आईही आमच्याच कारखान्यातली. वाळलेल्या लड्या निवडून गठ्ठे बांधायची. एकदा ओल्या फरशीवर पाय सरकला, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. त्यांच्या खोलीला एक दार, ते बोळात उघडतं. खिडकी नाही. मागच्या भिंतीपलीकडे मोकळं आवार, त्यात एक मोठं झाड, आणि वर सगळं आभाळ. पण भिंत आडवी. म्हातारीला दिवस आणि रात्र दिव्याच्या बटणावरून कळायची. टकमकला जन्मात एकच गोष्ट हवी होती: त्या भिंतीत खिडकी. घरमालक म्हणाला होता, फोडा भिंत, पण खर्च तुमचा, गवंडी माझा, आणि पैसे आधी. आमच्या सगळ्या रांगेला हे ठाऊक होतं. पगारात खिडकी कशी होणार, हेही सगळ्या रांगेनं आपापसात बोलून झालं होतं.

त्या वर्षी थंडीचा माल दाखवायला काढला आणि घोटाळा झाला. मोठं गिऱ्हाईक आलं होतं. आमचे दोन रंग त्या साली खास होते. एक गंजाचा, तांबूस, आत कुठेतरी जांभळट. दुसरा पडलेल्या पानाच्या पाठीचा. पानाची पुढची बाजू नव्हे, पाठ. गिऱ्हाइकानं दोन्ही लड्या हातात घेतल्या आणि पिशवीतून आपल्या दोन काढल्या.

"हे तर मला कालव्यापलीकडच्यांनी आधीच दाखवलंय."

कालव्यापलीकडे दुसरा कारखाना. आमचं धंद्याचं सगळं वैर तिथेच.

मालकांचे जावई विक्री बघायचे. आम्ही त्यांना जावईबापू म्हणायचो, तेही तोंडावर. ते त्या लड्या घेऊन तडक हौदावर आले.

"हौदवाले, बघा. आपलाच आहे की नाही?"

मी त्यांची लडी पाण्यात बुडवली, आमची हौदातून उचलली, दोन्ही शेजारी धरल्या. हौदावर कोरडं काही नसतंच. आम्ही रंग नेहमी ओल्यात बघतो, सवयच ती. सारखा दिसला. पानाचाही सारखा दिसला.

"आपलाच," मी म्हणालो.

जावईबापूंनी रंगखोलीच्या दाराकडे पाहिलं. टकमक आत उभी होती. ती छताकडे बघत होती. छतावर वाफेचे डाग पडले होते, त्यांच्याकडे. तेवढंही मला संशयाला पुरलं.

संध्याकाळी जावईबापूंनी मला बोलावलं. पलीकडच्या दोन रंगांचे दोन तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

"तुम्ही तिचे शेजारी. नजर ठेवा. पहाटे कुठे जाते म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच घरून आलंय."

आमची ही बाजारात काय काय बोलते, ते मला असं कळतं.

"महिनाअखेर सासरेबुवांना नाव सांगायचंय," जावईबापू म्हणाले. "तिला खिडकी पाडायचीय म्हणतात. पगारात खिडकी होते का? तुम्ही सांगा, तुमच्या पगारात झाली?"

"मला आहे खिडकी."

"हौदवाले, विषय समजून घ्या."

"समजला. पहाटेचं चालणं जादा वेळात धरणार का?"

"बघू," म्हणाले. म्हणजे नाही. तरी काम घेतलं. घेतलेलं काम मी अर्धवट करत नाही.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली तसा मीही उठलो. ही कूस बदलून म्हणाली, "मफलर घ्या. आणि फार जवळ जाऊ नका, तुमचे पाय वाजतात."

बाहेर अंधार. टकमक पुढे, मी मागे. आधी ती भाजीबाजारात गेली. गाड्या उतरत होत्या. ती कांद्याच्या पोत्यांपाशी उकिडवी बसली आणि जमिनीवर सांडलेल्या साली वेचायला लागली. एक उचलायची, कंदिलापाशी धरायची, टाकायची. दुसरी उचलायची. भाजीवाल्याला सवय असावी.

"ताई, कधी कांदा पण घ्या की!"

"कांद्याला एकच रंग. सालीला सतरा."

"मग सालीचे पैसे लावू का आता?"

दोघं हसली. तिनं तीन साली ओच्यात टाकल्या आणि उठली. माणसं पहाटे उठून कचरा वेचतात ती गरजेपोटी. हिला गरज नव्हती. मी मनात नोंद केली.

तिथून ती कालव्याच्या पुलावर आली. आता उजाडत होतं. कालव्यावर धुकं होतं. ती कठड्यापाशी थांबली आणि नुसती बघत राहिली. किती वेळ! माझे पाय गारठले. पाण्याकडे बघावं तर पाणी दिसत नव्हतं. मग तिनं ओच्यातून काहीतरी काढलं, कठड्याच्या गजाला बांधलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कारखान्याच्या रस्त्याला लागली. इकडेतिकडे का पाहिलं? सरळ माणूस बांधतो आणि जातो.

ती वळल्यावर मी गजापाशी गेलो. सुताचा धागा. राखाडी, जरा जांभळट. नवीन रंग, अजून हौदावर न आलेला. आणि कालव्यापलीकडचे लोक कामाला येतात ते याच पुलावरून. जावईबापूंना सांगायला एवढं पुरेसं होतं. पण मला धागा घ्यायला येणारं माणूस हवं होतं. अर्ध्या कामाची मजुरी मी मागत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती गावातल्या चित्रांच्या दालनात गेली. सुट्टीला तिथे तिकीट नसतं. मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. ती सरळ आतल्या खोलीत एका चित्रासमोर जाऊन बसली. चित्रात एक बाई फळ सोलते आहे, बाजूला उजेड. बाईची बाही निळी. टकमकनं हात लांब केला, बोटात धागा धरला, एक डोळा मिटला. रखवालदार लगेच उठला.

"बाई, हात लावायचा नाही."

"लावत नाही."

"मग काय मापता? मागच्या सुट्टीलाही मापत होता. चित्र उचलायचा बेत आहे का?"

"उचलून ठेवू कुठे? भिंतीला टांगायला घरात उजेड नाही."

रखवालदाराला ते पटलं नाही. तो खुर्ची ओढून तिच्या जवळच बसला. मी खांबाआड. एक बाई चित्रावर नजर ठेवून, एक माणूस बाईवर, आणि मी दोघांवर. असा सगळा कारभार. ती गेल्यावर मी त्या चित्राजवळ जाऊन बाही नीट पाहिली. निळीच. मग जिथे घडी पडली होती तिथे पाहिलं. तिथे निळा नव्हता, हिरवा होता, जुन्या टाकीच्या तळाशी असतो तसला शेवाळी. चित्र काढणाऱ्यानं असं का केलं असेल? निळ्या कापडाला हिरवी सावली पडते का कधी? मी स्वतःच्या सदऱ्याची बाही दुमडून उजेडात धरली. सदराही निळाच होता. रखवालदार माझ्याकडे बघायला लागला, म्हणून बाहेर पडलो. पण सावली पडत होती. हिरवीच पडत होती.

हे मी हिला सांगितलं नाही.

त्यानंतर एकदा मी तिच्या आधी पुलावर पोचलो. राखाडी धागा जागेवर होता, आणि आता त्याला एक गाठ होती. बांधला तेव्हा गाठ नव्हती. ही बाब साधी नाही. रंगाच्या हौदात कागदाची चिठ्ठी टिकत नाही, म्हणून आमच्या धंद्यात प्रत्येक गठ्ठ्याच्या धाग्याला गाठी मारतात. एक गाठ म्हणजे पहिला गठ्ठा, दोन म्हणजे दुसरा. आमची बोटं अंधारातही गाठी वाचतात. मी ती वाचली: पहिला गठ्ठा. म्हणजे कोणत्या गठ्ठ्याचा रंग ते कळवते आहे! मी धागा सोडवून बोटांत धरला आणि मागून आवाज आला.

"सापडलात!"

टकमक. दम लागलेला, डोळे माझ्यावर. पहिल्यांदाच माझ्यावर, खांद्यावरून मागे नाही.

"काका, तुम्ही! मला वाटलंच होतं. रोज मागे पाय वाजतात. आणि माझे धागे जातात. गंजाचा गेला, पानाचा गेला. कितीला विकलेत?"

"मी?"

"मग मी? धागा कोणाच्या हातात आहे?"

धागा माझ्या हातात होता.

"तूच बांधतेस की पलीकडच्यांसाठी!" मी म्हणालो. "गाठी मारून! मी काय आंधळा आहे?"

"गाठी आठवड्याच्या आहेत. दर आठवड्याला एक. ऊन खाऊन रंग किती विटतो ते बघते मी. उद्या गिऱ्हाइकाचा स्वेटर पांढरा पडला म्हणजे शिव्या कोणाला? तुम्हाला?"

"कारखान्यात बघ की."

"कारखान्यात वाफ. ऊन कुठे आहे?"

"मग घरी बघ."

घरी खिडकी नव्हती, हे मला सांगायची तिला गरज नव्हती. पण मीही एवढ्यावर सोडणारा नव्हतो. कोणीही येऊन काहीही सांगावं आणि मी मान डोलवावी?

"दाखव," मी म्हणालो.

"चला. आणि धागा आधी द्या इकडे. माझा भरवसा नाही तुमच्यावर."

"माझाही नाही."

आम्ही परत खोल्यांकडे आलो, रस्त्याच्या दोन कडांनी. बोळात शिरलो तर आतून म्हातारीचा आवाज, "कोण आलंय गं? हौदवाल्याचे पाय वाजतात."

"तेच आहेत. चोर पकडून आणलाय."

"बस रे भाऊ. चोर असलास तरी बस."

आत पिवळा दिवा. त्या उजेडात सगळे रंग चहाचे दिसतात. खाटेच्या डोक्याशी भिंतीला एक दोरी ताणली होती आणि तिच्यावर बोटभर लांबीचे धाग्यांचे तुकडे बांधले होते, कितीतरी. म्हातारीनं हात वर करून ते चाचपले. तिची बोटं अजून कारखान्यातच होती.

"ही रोज येऊन सांगते ना मला, बाहेर आज काय होतं ते," म्हातारी म्हणाली. "कालवा कसा होता, पान कसं होतं. मी म्हणते, तोंडानं नको सांगू, आणून दाखव. मग हे बघ. हा गंजाचा. बिनगाठीचा हा आतला, ऊन न लागलेला. ही एक गाठ, पहिल्या आठवड्याला कापून आणलेला. ह्या दोन. तीन. चार."

"पाचवा?"

"पाचवा नाही. चारला धागाच चोरीला गेला."

"आणि पानाचा?"

"तो तर दोनलाच गेला. मला वाटलं, पाखरं नेतात घरट्याला. ही म्हणाली, पाखरं रोज मफलर घालून येतात."

मी दोरी सोडायला सांगितली. टकमक माझ्या हाताकडे बघत होती. एखादा तुकडा खिशात जातो की काय, हे. दोरी घेऊन बोळातून बाहेर अंगणात आलो. कोवळं ऊन पडलं होतं. खिशातून जावईबापूंचा कागद काढला, त्यातला पलीकडच्या कारखान्याचा गंज घेतला आणि तिच्या बिनगाठीच्या गंजाशेजारी धरला. कोरड्यात.

सारखा नव्हता.

आमचा गडद होता, त्यांचा जरा मेलेला. एका गाठीच्या शेजारी धरला. नाही. दोन, नाही. तीन, जवळ आला. चार गाठींच्या शेजारी धरला आणि गाठी झाकल्या तर कोणता कोणाचा ते मला कळेना.

मग पानाचा घेतला. दोन गाठींवर जाऊन बसला.

मी ओल्यात पाहिलं होतं. ओल्यात विटलेलं सूतही गडद होतं, म्हणून हौदावर दोन्ही सारखे दिसले होते. पलीकडच्यांनी नक्कल केली होती ती आमच्या रंगाची नाही, उन्हात टांगलेल्या धाग्याची. गंज चार आठवडे टांगलेला, पान दोन. रंगखोलीतून माल गेला असता तर ताजा गेला असता. विकणारा माणूस विटलेला तुकडा विकत नाही.

"काय झालं?" टकमकनं विचारलं.

"तू विकला नाहीस."

"हे मला ठाऊक होतं. तुम्ही विकलात का?"

मी विकले नाहीत, हे तिला दाखवायला दुसरा मार्ग नव्हता. राखाडी धागा परत गजाला बांधला आणि पुढचे काही दिवस आम्ही दोघं पुलापलीकडच्या बंद टपरीमागे उभे राहिलो. माझ्यावर नजर राहावी म्हणून ती मला पुढे उभं करायची. थंडी होती. एकदा ती म्हणाली, "काका, तुमचा मफलर कोणत्या रंगाचा आहे?"

"काळा."

"काळा नाही तो. धुऊन धुऊन त्यात हिरवा आलाय."

मी मफलरकडे पाहिलं नाही. नंतर पाहिलं.

मग एक सायकल आली. वर टोपी घातलेला माणूस, चाळिशीतला. पुलाच्या मध्यावर उतरला, कठड्याकडे पाहत पाहत आला, धाग्यापाशी थांबला, खिशातून लहान कात्री काढली. मी धावलो. वयाच्या मानानं बरा धावलो. सायकलचं हँडल धरलं.

"कोण रे तू?"

तो पलीकडच्या कारखान्याच्या रंगखोलीतला निघाला. टकमकचंच काम, पलीकडचं.

"धागे तूच नेतोस?"

"कोणाचे आहेत?" तो म्हणाला. "मला वाटलं, मालाच्या गाड्या जातात, त्यांचे अडकतात. मी रोज इथून जातो. दर मोसमाला नवे रंग मागतात हो आमच्याकडे, आणायचे कुठून? येताजाता बघत असतो. एक दिवस गंजलेल्या गजावर गंजाच्याच रंगाचा धागा! म्हटलं, हे बरं आहे, रंग आपणहून हातात आला."

"आणि गाठी? त्या वाऱ्यानं मारल्या?"

त्यानं कात्री खिशात सारली. मग म्हणाला, "गाठी मी पाहिल्या नाहीत."

सूत रंगवणारा माणूस, आणि गाठी पाहिल्या नाहीत! धागा हातात आला की आमचं बोट आधी गाठीवर जातं. मी त्याच्यावर तेव्हा विश्वास ठेवला नाही आणि आजही ठेवत नाही. पण टकमककडे पाहिलं तर ती रागावलेली नव्हती. ती त्याच्या टोपीकडे बघत होती.

"पानाच्या पाठीत तुम्ही पिवळा कोणता घातलात?" तिनं विचारलं.

"पिवळा नाहीच घातला. नारिंगी घालून वर जरासा हिरवा मारला."

"हिरव्यानं मारला! म्हणूनच तो मेला."

"तुमचा धागाच मेलेला होता. मी इमानानं नक्कल केली."

ती हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. चोर आणि चोरी झालेला माणूस पुलावर उभे राहून प्रमाणं बोलतात, हे कुठलं? ओळख जुनी तर नाही? मी तिला दंडाला धरून कारखान्यात नेलं.

मालकांसमोर मी दोरी ठेवली आणि तुकडे ठेवले. मालक स्वतः कधीकाळी हौदावर काम केलेले. त्यांनी चष्मा काढला, दाराशी गेले, गाठी मोजत तुकडे बघितले, परत आले. जावईबापू म्हणाले, "पण तिनं मुद्दाम बांधले नाहीत कशावरून?"

"मुद्दाम द्यायचं असतं तर चार आठवडे उन्हात कशाला ठेवेल?" मी म्हणालो. "घ्यायला येणारा रोज पुलावरून जातो. पहिल्याच दिवशी दिला असता."

जावईबापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कामाला लावून तेच फसले होते.

मालक टकमकला म्हणाले, "काम राहील. पण पुलावर पुन्हा धागा दिसला तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस."

"मग ऊन कुठे लावू? रंग टिकतो की नाही ते बघितल्याशिवाय मी हौदावर प्रमाण पाठवणार नाही."

"ते तुझं तू बघ. घरी लाव."

"घराला खिडकी नाही."

"मग पाड."

"उचल मिळेल?"

"नाही," मालक म्हणाले. ते उचल कोणालाच देत नसत.

ती तिथेच उभी राहिली. भिंतीकडे नाही, मालकांकडे बघत. "मग मला संध्याकाळची पाळी द्या. हौदावर."

"हौदावर बायका नसतात," जावईबापू म्हणाले.

"लडीला काय कळतंय, कोण उचलतंय ते?" मी म्हणालो. मी का बोललो, सांगता येत नाही. तिची बाजू घ्यायची म्हणून नाही. मला बघायचं होतं.

ती हौदावर आली. दिवसा रंगखोली, संध्याकाळी माझ्याशेजारी. पहिल्या दिवशी तिनं दांडा चुकीचा धरला. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तळहात सोललेले, चिंधी बांधून आली. तिसऱ्या दिवशी माझा हात बघून दांडा बरोबर धरला. विचारलं नाही, बघूनच शिकली. वाफेत तोंड लाल व्हायचं, लडी उचलताना दात आवळायची, पण अर्धी लडी कधी सोडली नाही आणि पाणी निथळायच्या आधी एकही खाली टेकवली नाही. तेवढी काळजी आमच्यातले निम्मे पुरुष घेत नाहीत. आणि पहाटेची कडी वाजायची ती वाजतच राहिली. आता मी मागे जात नव्हतो. ही विचारायची, "आज नाही जायचं?" मी म्हणायचो, "जादा वेळ कोण देतंय?"

थंडी गेली. झाडाची पानं झडून पुन्हा फुटली. एका सकाळी मागच्या आवारात घणाचे घाव पडायला लागले. आमच्या भांड्यांच्या फळीवरून दोन पेले पडले. ही ओरडायला निघाली होती, मी थांबवलं.

गवंड्यावर नजर ठेवायला मी सुट्टी टाकून बसलो. गवंडी घरमालकाचा, तेव्हा सिमेंटात माती मिसळणार, हे मी धरूनच चाललो होतो. मिसळली नाही. निदान माझ्यासमोर नाही. भिंतीला भोक पडलं तसा आतल्या अंधारात उजेडाचा एक पट्टा खाटेवर पडला आणि म्हातारीनं चादरीकडे पाहिलं.

"ही चादर हिरवी आहे?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तपकिरी समजत होते. कोणी सांगितलं नाही मला!"

"तू विचारलं नाहीस," टकमक म्हणाली. ती चौकट धरून उभी होती. हातांना घट्टे पडलेले.

आता तिचे धागे त्या खिडकीत टांगलेले असतात, गाठी मारून, रांगेनं. पुलावर एकही नाही. मी येताजाता बघतो. म्हातारी उशाला टेकून झाड बघते आणि पानाचा रंग बदलला की भिंतीवर काठी आपटून मला सांगते, जणू मी विचारलं होतं. कधी कधी संध्याकाळी मागच्या आवारात सायकलची घंटा वाजते. कोण येतं, का येतं, अजून शोध लागलेला नाही. पण लावणार आहे.

खिडकी मात्र तिच्या पगारातली आहे. त्याबद्दल कोणी शंका काढली तर माझ्याकडे पाठवा. संध्याकाळच्या पाळीत तिनं उचललेली प्रत्येक लडी मी शेजारी उभं राहून पाहिली आहे. चौकट सागवानी, दोन पल्ले, मध्ये गज, आणि कडी आतून बसते. कडी मी स्वतः ओढून बघितली.